यक्ष कोणाचा? लंडनच्या प्रदर्शनाने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २२ मे २०२५ रोजी सुरू झालेले प्राचीन भारतावरचे प्रदर्शन १९ ऑक्टोबरला संपले. 'एन्शंट इंडिया : लिव्हिंग ट्रॅडिशन्स' असे त्याचे नाव. हिंदू, बौद्ध आणि जैन धर्मांशी निगडित मूर्ती, शिल्पे, चित्रे, हस्तलिखिते अशा १८० हून अधिक वस्तू तिथे एकत्र मांडल्या होत्या. इ.स.पू. २०० ते इ.स. ६०० हा त्यातला मुख्य काळ.

प्रदर्शनाचे फोटो आपल्या लोकांच्या ग्रुपवर फिरू लागले तेव्हा आमच्याकडे दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. काहींना आनंद झाला, की साहेबांच्या देशात का होईना, तथागतांना मानाची जागा मिळाली. काही जण चिडले. गणपतीच्या आणि विष्णूच्या रांगेत बुद्ध उभा केला म्हणजे पुन्हा तेच, 'बौद्ध ही हिंदूंचीच शाखा'. दुसरी प्रतिक्रिया आम्हाला समजते. ज्या देशात शाळेच्या पुस्तकापासून कॅलेंडरपर्यंत बुद्धाला नववा अवतार म्हणून खपवले गेले, त्या देशातल्या माणसाला असा संशय येणारच. तरीही या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत असे आमचे मत आहे. प्रदर्शनात नेमके काय मांडले होते ते आधी पाहू.

सुरुवात शिव-विष्णूपासून नव्हती आणि बुद्धापासूनही नव्हती. सुरुवात होती यक्ष, यक्षी आणि नाग यांच्यापासून. झाडात, पाण्यात, डोंगरात राहणाऱ्या, धनधान्य देणाऱ्या आणि कोपल्या तर रोग आणणाऱ्या या लोकदेवता. त्यांच्या मूर्ती घडवण्याची रीत आधी होती, आणि पुढे बुद्ध, तीर्थंकर व हिंदू देव यांना जे रूप मिळाले ते याच रीतीतून, अशी संग्रहालयाची मांडणी होती. त्यानंतर तिन्ही धर्मांच्या मूर्ती आणि शेवटी व्यापाराच्या वाटांनी आग्नेय व पूर्व आशियात गेलेली ही कला.

या मांडणीत आपल्या विरोधात काही आहे का? आम्हाला तर उलटेच दिसते.

कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये भरहुत स्तूपाचा कठडा आहे. कनिंगहॅमने १८७३ साली तो शोधला. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या या कठड्याच्या खांबांवर यक्ष-यक्षी कोरले आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांची नावे ब्राह्मी लिपीत लिहिली आहेत : कुपिरो यखो, म्हणजे कुबेर यक्ष, चदा यखी, चकवाको नागराजा. त्यांच्यातच एक आहे सिरिमा देवता. सिरी म्हणजे श्री. कमळावर उभी असलेली आणि दोन्ही बाजूंनी हत्ती जिच्यावर पाणी ओतताहेत अशी स्त्री भरहुतला आहे, सांचीला आहे, आपल्या पितळखोऱ्याच्या लेणीतही सापडली आहे. आज दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाचा जो फोटो घराघरांत लागतो, त्या गजलक्ष्मीची दगडातली फार जुनी रूपे बौद्ध स्तूपांवर आणि लेण्यांत आहेत. ज्याला आज सरसकट 'हिंदू शिल्प' म्हटले जाते, त्यातले कितीतरी आधी भिक्खूंच्या अंगणात घडले. दगडात मूर्ती घडवण्याच्या कामात बौद्ध उपासकांचा पैसा आणि बौद्ध स्तूपांवर राबलेले कारागीर यांचा वाटा मोठा आहे. वैदिक धर्म यज्ञाचा होता. त्याला मूर्ती लागत नव्हती, देऊळही लागत नव्हते.

पण इथेच एक सावधगिरी आपणही बाळगायला हवी. पितळखोऱ्याला १९५० च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा एक बुटका, पोट सुटलेला, हसरा यक्ष सापडला. डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेले घमेल्यासारखे पात्र. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर लेख आहे, की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली. कण्हदास म्हणजे कृष्णदास. बौद्ध विहाराच्या दारात उभा करायचा यक्ष, आणि घडवणाऱ्याचे नाव कृष्णाचा दास! आता हा यक्ष हिंदू म्हणायचा की बौद्ध? कण्हदासाला हा प्रश्न विचारला असता तर तो बहुधा गोंधळला असता. 'हिंदू' हा शब्द धर्माचे नाव म्हणून त्याने ऐकलाही नसणार. ही पाटी नंतरची आहे. संग्रहालये ती सोयीसाठी लावतात आणि मग ती पाटी इतिहास होऊन बसते.

म्हणून 'तिन्ही धर्मांचे मूळ एक' हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळे होते. लंडनच्या संग्रहालयाने ते म्हटले तेव्हा त्याचा अर्थ होता, की मूळ लोकदेवतांचे आहे आणि तिन्ही धर्मांनी तिथून घेतले. आपल्याकडे तेच वाक्य व्यासपीठावरून आले की त्याचा अर्थ होतो, मूळ हिंदूंचे आणि बाकीच्या फांद्या. संविधानाच्या कलम २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध यांचा समावेश केला आहे. तो केवळ धार्मिक संस्था सर्वांना खुल्या करण्याच्या कायद्यापुरता आहे. त्याचाही वापर कसा होतो ते आपण पाहतोच. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असे ठामपणे म्हणायला लावले, ते याच कारणाने. फांदी म्हणून मान घ्यायला आपण तयार नाही. पण शेजारी म्हणून ज्या काळात राहिलो त्या काळाचा अभ्यास टाळायचेही कारण नाही.

नागांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. प्रदर्शनात नागशिल्पे होती हे कळल्यावर आपल्यातल्या काहींनी लगेच 'हे आपले नागवंशीय पूर्वज' असे लिहिले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडले ते सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला होता, हे खरे. पण बाबासाहेबांचे नाग ही माणसे आहेत. त्यांनी बुद्धाचा धम्म पसरवला असे ते सांगत होते. शिल्पातला नाग ही पावसाची, पाण्याची, वारुळाची देवता आहे. मुचलिंद नाग फणा उभारून बुद्धाला पावसापासून वाचवतो, अजिंठ्याच्या १९ व्या लेणीबाहेर नागराजा आपल्या राणीसह बसला आहे. या दोन्हींचा संबंध असेलही, पण तो जोडायला पुरावा लागतो. फणा दिसला की वंशावळ सांगायची, ही सवय आपल्याला शोभत नाही. विरोधकाच्या पोथीला आपण पुरावा मागतो, मग आपल्या दाव्याला का नको?

आता दुसरा भाग. या मूर्ती लंडनला गेल्या कशा?

ब्रिटिश म्युझियममधल्या हिंदू शिल्पांचा एक मोठा गठ्ठा ज्याने जमवला त्याचे नाव चार्ल्स स्टुअर्ट. ईस्ट इंडिया कंपनीचा हा आयरिश अधिकारी गंगास्नान करायचा, घरात मूर्ती ठेवायचा, म्हणून त्याला 'हिंदू स्टुअर्ट' म्हणत. १८२८ साली तो कोलकात्यात वारला. साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्याची कबर आहे, तीही देवळाच्या आकाराची. बंगाल, बिहार, ओडिशा इथून त्याने गोळा केलेली शिल्पे लंडनला लिलावात गेली, ब्रिज नावाच्या कुटुंबाने ती घेतली आणि १८७२ मध्ये संग्रहालयाला दिली. हिंदू देवांवर इतके प्रेम करणाऱ्या या माणसाने मूर्ती कशा मिळवल्या याच्या कहाण्या मात्र प्रेमाच्या नाहीत. भुवनेश्वरच्या देवळांतून त्याने नेलेले शिलालेख तिथल्या लोकांनी तक्रार केल्यावर पुढे परत करावे लागले. आणि हा संग्रह नुसत्या हिंदू मूर्तींचा नाही. त्यात पालकालीन बौद्ध मूर्तीही आहेत. म्हणजे 'हिंदू स्टुअर्ट'च्या सामानाबरोबर आपला बुद्धही बोटीत चढला.

अमरावतीचे प्रकरण याहून मोठे आहे. आंध्रमध्ये कृष्णेच्या काठी असलेला तो महास्तूप. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या जमीनदाराने नवे गाव वसवताना स्तूपाचे दगड उकरले. काही बांधकामात गेले, काही चुना करण्यासाठी भट्टीत गेले. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट याने उत्खनन करून शिल्पे मद्रासला नेली, १८५९ मध्ये त्यातली बरीच लंडनला गेली. आज सुमारे १२० शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, बाकीची मुख्यतः चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात. ब्रिटिश म्युझियमच्या १९६३ च्या कायद्यामुळे तिथल्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू सहसा देऊन टाकता येत नाही. परत मागणारा थकतो, कायदा थकत नाही.

या वेळच्या प्रदर्शनात वस्तू कुठून, कोणाच्या हातून आली याची माहिती पाट्यांवर दिली होती, ही चांगली गोष्ट. ब्रिटनमधल्या हिंदू, बौद्ध, जैन भाविकांचे सल्लागार मंडळ नेमले होते आणि मांडणीत प्राणिजन्य साहित्य वापरले नाही. देवाची मूर्ती म्हणजे नुसता दगड नाही, तिच्यामागे आजही श्रद्धा ठेवणारी माणसे आहेत, हे संग्रहालयाने मान्य केले. पन्नास वर्षांपूर्वी कोणत्याही युरोपीय संग्रहालयाने हे केले नसते.

मात्र त्याच मे महिन्यात दुसरीकडे काय चालले होते ते आठवा. पिपरहवाच्या स्तूपात १८९८ साली विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराला बुद्धाच्या धातूंबरोबर सापडलेली रत्ने हाँगकाँगमध्ये ७ मे रोजी लिलावात निघणार होती. अस्थी सयामच्या राजाला गेल्या होत्या, रत्नांचा मोठा भाग कोलकात्याला गेला होता, आणि 'दुबार' म्हणून एक वाटा त्या कुटुंबाकडे राहिला होता. बुद्धाच्या धातूंना वाहिलेले दान, आणि त्यात 'दुबार' असे काही असते का? भारत सरकारच्या कायदेशीर नोटिशीनंतर लिलाव पुढे ढकलला गेला आणि जुलैच्या अखेरीस गोदरेज उद्योगसमूहाच्या मदतीने ती रत्ने भारतात आली. आली हे उत्तमच. पण ती न्यायालयात जिंकून आली नाहीत.

याच्याशी एका हिंदू मूर्तीची गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. तमिळनाडूतल्या पथूर गावात १९७६ साली एका पडक्या शिवमंदिराच्या आवारात एका मजुराला कांस्याचा नटराज सापडला. तो चोरट्या वाटेने लंडनला पोहोचला. विकत घेणाऱ्याने तो डागडुजीसाठी पाठवला तो नेमका ब्रिटिश म्युझियममध्ये, आणि तिथून पोलिसांनी जप्त केला. खटला अनेक वर्षे चालला. हिंदू देवस्थान भारतीय कायद्यात व्यक्ती मानले जाते, त्यामुळे ते पडके देऊळच वादी म्हणून इंग्लंडच्या न्यायालयात उभे राहिले. न्यायालयाने ते मान्य केले आणि १९९१ मध्ये नटराज परत आला.

देऊळ पडके होते. तरीही त्याचा हक्क मेला नाही असे इंग्रज न्यायाधीशांनी मानले. मग अमरावतीच्या पडक्या स्तूपाचे काय? पिपरहवाच्या स्तूपाचे काय? त्यांच्या बाजूने वादी म्हणून कोण उभे राहणार? देवळामागे कायद्याने ओळखलेली देवता आहे, देवस्थान आहे, कागद आहेत. स्तूपामागचा संघ उखडला गेला, आणि १९५६ नंतर जे आपण परत आलो त्यांच्या हातात ना सातबारा ना सनद. 'लिव्हिंग ट्रॅडिशन्स' या नावातला 'लिव्हिंग' शब्द आम्हाला म्हणूनच टोचतो. हिंदू आणि जैन मूर्तींच्या मागे चालू देवळे आहेत. भारतातल्या बौद्ध शिल्पांच्या मागे आपण आहोत, पण आपल्याला तिथे वारस म्हणून सहसा कोणी विचारत नाही. सरकार आणि पुरातत्त्व खाते आपल्या नावाने बोलते.

विचारायला हवे असेल तर आधी नाव बरोबर लागले पाहिजे. पाटीचा प्रश्न आम्ही इतका ताणतो आहोत तो त्यासाठी. तमिळनाडूतच सेलम जिल्ह्यात पेरियेरी गावात 'तलैवेट्टी मुनियप्पन' नावाचे देऊळ होते. तलैवेट्टी म्हणजे डोके तोडलेला. मूर्ती पद्मासनात बसलेली, पूजा मुनियप्पन देवाची. सेलमच्या बौद्ध मंडळींनी २०११ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने तपासणी करून ही मूर्ती बुद्धाचीच असा अहवाल दिला. जुलै २०२२ मध्ये न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकाल दिला : जागा पुरातत्त्व विभागाने ताब्यात घ्यावी, ही बुद्धमूर्ती आहे असा फलक लावावा, लोकांना येऊ द्यावे, पण पूजाविधी करू नये. अकरा वर्षांच्या लढाईत आपल्याला काय मिळाले? एक फलक. आणि तो फार मोठा विजय आहे, कारण त्या फलकाशिवाय पुढचे एकही पाऊल टाकता येत नाही. तिथे गुंड फोडले नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. मूर्तीची लक्षणे मोजली, लिहिली आणि न्यायाधीशांपुढे ठेवली.

आपल्या नाशिकला या. ३ नंबरच्या लेणीत राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे. भिक्खूंच्या संघाला लेणी दान दिल्याचे त्यात स्वच्छ लिहिले आहे. डोंगराचे नावही लेखांत आहे, तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. तरी रिक्षावाला, गाइड, एसटीचा थांबा, सगळ्यांच्या तोंडी 'पांडवलेणी'. ही लेणी पांडवांनी कोरल्याचा तिथल्या एकाही लेखात पत्ता नाही. लेणी संवर्धनाची कामे करणारे आपले तरुण दर रविवारी तिथे जाऊन लोकांना लेख वाचून दाखवतात, ते काम कुठल्याही आंदोलनाइतके मोलाचे आहे. बोधगयेतही महाबोधी परिसरातल्या बुद्धमूर्ती पांडव म्हणून दाखवल्या जातात ही तक्रार जुनीच आहे. १९४९ चा कायदा रद्द करा म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू तिथे उपोषणाला बसले, त्या मागणीतही हा मूर्तीच्या नावाचा प्रश्न गुंतलेला आहे.

आणि हे दोन्ही बाजूंनी पाळायचे आहे. ज्या मूर्तीवर शिवाची लक्षणे स्पष्ट आहेत तिला रेटून बुद्ध म्हणायचे नाही. वेरूळला बौद्ध लेणी आहेत, कैलासही आहे, जैन लेणीही आहेत. कैलास हे शिवाचे देऊळ आहे आणि भारतातल्या शिल्पकलेतले ते एक मोठे काम आहे, हे म्हणताना आपले काही कमी होत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'अमुक देऊळ म्हणजे विहारच' या यादीतले निम्मे दावे पुराव्याअभावी गळतात, आणि गळताना सेलमसारख्या खऱ्या दाव्यांनाही सोबत घेऊन बुडतात.

आपल्याकडून लंडनला जाणारा बहुतेक प्रत्येक जण १०, किंग हेन्रीज रोड या घरी जातो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. त्या काळात बाबासाहेब दिवसदिवस जिथे वाचत बसत, ते वाचनालय ब्रिटिश म्युझियमच्याच इमारतीत होते. त्या घरून म्युझियमपर्यंत जाणे काही अवघड नाही. आता संपलेल्या प्रदर्शनाला तिकीट होते, पण संग्रहालयाची नेहमीची दालने पाहायला पैसे पडत नाहीत. अमरावतीची शिल्पे ३३ए क्रमांकाच्या खोलीत काचेमागे आहेत. ज्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात नाही, रिकामे आसन आहे, पाऊलखुणा आहेत, बोधिवृक्ष आहे, आणि भोवती हात जोडून वाकलेली साधी माणसे आहेत, ती नीट पाहा. पाटी पूर्ण वाचा, तिचा फोटो काढा, आणि त्यात जे लिहिलेले नाही ते संग्रहालयाला पत्र लिहून विचारा. पत्राखाली आपण भारतातले बौद्ध आहोत हे लिहायला विसरू नका.